तीन नळ्यांचं एकमत

रंगीत कॅमेऱ्याचे रंग नीट यावेत म्हणून त्याच्यासमोर जो तक्ता धरतात, त्यात रंग औषधालाही नसतो. करड्या पायऱ्यांच्या दोन रांगा असतात. वरची डावीकडून उजवीकडे उजळत जाते, खालची त्याच दिशेने काळवंडत जाते, आणि मधोमध काळ्या मखमलीचं अस्तर लावलेलं एक भोक. कुंकवाचा लाल नाही, पानाचा हिरवा नाही, आभाळाचा निळा नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टीव्ही स्टुडिओंमध्ये चित्रीकरणाआधी सगळे कॅमेरे या बेरंगी तक्त्याकडे तोंड करून उभे केले जात. नियंत्रण कक्षातला इंजिनीअर नॉब फिरवत, स्क्रू पिळत, एकेका करड्या पायरीवरून रंगाचा शेवटचा अंश पुसून काढत बसे. करडा खरोखर करडा आला, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक पायरीवर आला, की पैठणीचा जांभळा आणि आंब्याचा केशरी बहुतेक आपसूक जागेवर येतात. ही गोष्ट उमगली तेव्हापासून तिचं नवल माझ्या मनातून ओसरलेलं नाही.

असे जुने व्यावसायिक कॅमेरे आता पुन्हा हौशी माणसांच्या हातात येऊ लागले आहेत. कोणी भंगारातून उचलतं, कोणी बंद पडलेल्या स्टुडिओतून. त्यांच्या चित्रात जो मऊपणा आणि जी खोली असते तिची भूल पडते, ती पडावी अशीच आहे. पण कॅमेरा सुरू केला की पहिली तक्रार ठरलेली: रंग बिघडलेत. चेहरे हिरवट, सावल्या जांभळट, पांढऱ्या भिंतीचा वरचा भाग गुलाबी तर खालचा शेवाळी. व्हाइट बॅलन्सचं बटण दाबून पाहतात, फारसं सुधारत नाही, आणि कॅमेरा ‘गेला’ म्हणून कपाटात जातो. पुष्कळदा तो गेलेला नसतो. त्याच्या पोटात जे तिघे आहेत त्यांचं एकमेकांशी पटेनासं झालेलं असतं.

हे तिघे कोण? त्या काळातला व्यावसायिक रंगीत कॅमेरा म्हणजे एकाच भिंगामागे बसवलेले तीन कृष्णधवल कॅमेरे, प्रत्येकाची प्रकाश टिपणारी नळी वेगळी. तिन्ही रंगांधळे. एकाला फक्त लाल प्रकाश मिळतो, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला निळा, आणि प्रत्येक जण आपल्याला मिळालेला प्रकाश किती, एवढंच सांगतो. रंग कुठल्याच नळीत नसतो, तो तिघांच्या आकड्यांमधल्या फरकात असतो. तिघांनी एकच आकडा सांगितला तर ती जागा करडी, काळी किंवा पांढरी. म्हणून करड्या तक्त्याची परीक्षा इतकी कडक असते. रंगीत वस्तू दाखवली तर आकडे वेगळे यायचेच, ते बरोबर किती आणि चूक किती हे डोळ्याने कळणं अवघड. करड्यापुढे मात्र जरा जरी मतभेद झाला तरी तो लगेच झाक होऊन दिसतो.

ही तिघांची युक्ती टीव्हीपेक्षा खूप जुनी आहे. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने चौकड्यांच्या कापडाची एक फीत पडद्यावर रंगीत करून दाखवली. टॉमस सटन या छायाचित्रकाराने त्या फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून वेगवेगळे कृष्णधवल फोटो काढले होते. ते त्याच रंगांच्या प्रकाशात एकावर एक टाकले आणि फीत रंगीत दिसली. मौज अशी, की त्या काळच्या फोटोच्या काचा लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. मग लाल आला कुठून? शंभर वर्षांनी कोडॅकच्या राल्फ इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा उलगडा केला. फितीचा लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता, आणि लाल द्रावणातून ते किरण निसटून काचेपर्यंत पोचत होते. जगातल्या पहिल्या रंगीत फोटोतला लाल मुळात दिसणारा प्रकाशच नव्हता! तीन साक्षीदारांपैकी एकाने भलत्याच गोष्टीची साक्ष दिली आणि ती योगायोगाने जुळली. कॅमेऱ्यात असे योगायोग आपल्या बाजूने फार क्वचित पडतात.

आता कॅमेऱ्याच्या आत पाहू. भिंगातून आलेला प्रकाश आधी एका प्रिझमवर पडतो. फिलिप्सच्या संशोधकांनी साठच्या दशकात बांधलेली ही रचना आजही तीन चिपांच्या कॅमेऱ्यांत वापरली जाते. काचेचे तीन तुकडे एकत्र जोडलेले, आणि त्यांच्या जोडांवर अतिशय पातळ लेप, एकावर एक कितीतरी थर, प्रत्येक थर साधारण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा. या लेपांत रंगद्रव्याचा थेंब नाही. मोरपिसाचा निळा ज्या कारणाने निळा, त्याच कारणाने हे लेप काम करतात: थरांवरून परतणारे तरंग कुठे एकमेकांना बळ देतात, कुठे मारून टाकतात. सर्वसाधारण रचनेत पहिल्या जोडावरून निळा वळतो, दुसऱ्यावरून लाल, आणि हिरवा सरळ पुढे जातो. रंगीत काच लावली असती तर प्रत्येक नळीसाठी उरलेला दोन तृतीयांश प्रकाश वाया गेला असता. प्रिझम फारसं काही वाया जाऊ देत नाही, फक्त वाटणी करतं.

वाटणी झाली की प्रकाश नळ्यांवर पडतो. अमेरिकेत १९५४ च्या सुमारास आलेल्या आरसीए टीके-४१ कॅमेऱ्यात इमेज ऑर्थिकॉन नावाच्या तीन मोठाल्या नळ्या होत्या. शंभर किलोहून जड अशा त्या धुडाला प्रकाश इतका लागे की त्यापुढे नट घामाघूम होत. चित्र पालटलं ते प्लंबिकॉनने. फिलिप्सची ही नळी १९६५ च्या आसपास रंगीत कॅमेऱ्यांत आली. हिच्या तोंडावर शिशाच्या ऑक्साइडचा, केसाहून पातळ थर असतो. काष्ठौषधींच्या दुकानात मुर्दाडशिंग म्हणून जो पिवळसर पदार्थ मिळे, रसायन तेच. प्रकाश पडेल तिथे या थराची वीज वाहून नेण्याची ताकद बदलते, मागून इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीने थर चाचपत जातो, आणि एका मायक्रोअँपिअरच्याही काही भागाएवढा क्षीण प्रवाह बाहेर येतो. बातम्यांच्या, नाटकांच्या, क्रिकेटच्या कितीतरी वर्षांचं रंगीत चित्र या मुंगीएवढ्या प्रवाहातून उमटलं आहे.

आणि इथेच पहिला मतभेद. शिशाच्या ऑक्साइडला गडद लाल दिसतच नाही. त्याची नजर ६४० नॅनोमीटरच्या आसपास संपते, माणसाची त्यापुढेही थोडी जाते. म्हणून लाल मार्गावरच्या नळीत थोडं गंधक मिसळून तिची नजर पुढे वाढवली गेली. म्हणजे एकाच कॅमेऱ्यातल्या तीन नळ्या मुळातच एकसारख्या नाहीत. त्यातून प्रत्येकीचं वय होणं वेगळं. हे लक्षात घेतलं की जुन्या कॅमेऱ्याचे रंग बिघडण्याचं आश्चर्य वाटेनासं होतं. ते कधीतरी जुळलेले होते, हेच आश्चर्य वाटू लागतं.

नळ्या एकसारख्या असत्या तरी प्रकाश एकसारखा नाही. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, मग पांढरं. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा रंग तिच्या तापमानावर ठरतो, म्हणून प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती १९०० च्या आसपास, घरातला जुना पिवळा बल्ब २७०० ते २८००, स्टुडिओतला हॅलोजन ३२००, दुपारचं ऊन ५६०० च्या आसपास, आणि निळ्या आभाळाखालची सावली त्याच्याही बरीच वर. या आकड्यांमागे केवढा फरक आहे हे गणिताने पाहिलं तर थक्क व्हायला होतं. ५६०० केल्विनला निळा आणि नारिंगी प्रकाश जवळजवळ समसमान असतात. ३२०० केल्विनला निळा नारिंगीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. कागद तोच, आपल्याला दोन्हीकडे पांढराच दिसतो, पण त्यावरून परतणारा प्रकाश पार बदललेला असतो.

आपल्याला तो पांढरा दिसतो याचं कारण जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस फॉन क्रीस यांनी १९०२ च्या सुमारास सुचवलं. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या पेशी आपापली संवेदनशीलता स्वतंत्रपणे वरखाली करत असतात. निळा कमी आहे ना, मग निळ्याचा आवाज वाढवा. पुढे पोलरॉइडच्या एडविन लँडने रंगीत चौकोनांच्या पाट्यांवर तीन प्रक्षेपकांनी वेगवेगळा प्रकाश टाकून दाखवलं की डोळा-मेंदूची जोडी याहूनही पुढे जाते. पाटीवरच्या एखाद्या तुकड्यावरून येणारा प्रकाश मोजून हवा तसा बदलला तरी तो तुकडा शेजाऱ्यांच्या संगतीत आपला मूळ रंग सोडत नाही. कॅमेऱ्याला ही शेजारधर्माची समज नाही. त्याच्याकडे फॉन क्रीसची साधी युक्ती तेवढी आहे, लाल आणि निळ्याच्या गेनचे दोन नॉब. हिरव्याला हात लावायचा नाही, तो मापदंड. कारण टीव्हीच्या उजेडाच्या संकेतात हिरव्याचा वाटा ५९ टक्के, लालाचा ३० आणि निळ्याचा फक्त ११. हिरवा हलवला तर सगळं चित्रच उजळतं किंवा अंधारतं.

निळ्याचा आवाज वाढवण्याला किंमत आहे. क्षीण प्रवाह वाढवला की त्यासोबत खरखरही वाढते, म्हणून जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात निळ्या भागात मुंग्या जास्त दिसतात. हे ओळखून कॅमेरे बनवणाऱ्यांनी घडी ३२०० केल्विनवर बसवली. स्टुडिओत प्रकाश मोजून-मापून असतो, तिथे मधे काही नको. बाहेर ऊन रग्गड असतं, तिथे भिंगामागच्या चाकातली मधाच्या रंगाची काच फिरवून आणायची, जी उन्हाला ३२०० केल्विनचं रूप देते. थोडा उजेड वाया गेला तर जाऊ दे. म्हणूनच व्हाइट बॅलन्सचं बटण दाबण्याआधी चाक कुठल्या आकड्यावर आहे हे पाहायचं. चाक चुकीचं असेल तर बिचारे नॉब टोकापर्यंत जाऊनही पुरे पडत नाहीत. जुन्या कॅमेऱ्यांत या काचेचा रंगही फिका पडलेला असू शकतो, प्रिझमच्या जोडातला डिंक पिवळलेला असू शकतो. तो दोष नॉबने काही प्रमाणात झाकता येतो, सगळा नाही.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायची एक देखणी वाट कॅमेऱ्यातच ठेवलेली आहे, ती म्हणजे कलर बारचा खटका. तो दाबला की नळ्या, प्रिझम, भिंग सगळं बाजूला पडतं आणि कॅमेरा स्वतःच विजेने तयार केलेल्या रंगीत पट्ट्या बाहेर पाठवतो. पट्ट्यांमधला पांढरा पांढरा दिसला आणि चित्रातला नाही, तर बिघाड प्रकाशापासून नळ्यांपर्यंत कुठेतरी. पट्ट्यांवरच झाक आली असेल तर नळ्यांना दोष देऊ नका, पुढची वायर, मॉनिटर, संगणकात घेणारं यंत्र तपासा. मॉनिटर पिवळट असताना कॅमेरा निळसर करून ‘जुळवणं’ ही फार सहज होणारी गोष्ट आहे. म्हणून डोळ्यापेक्षा मोजमापावर भिस्त ठेवलेली बरी.

त्याआधी कॅमेरा तापू द्या. नळीचं तापमान, चुंबकीय वेटोळ्यांतला प्रवाह, आतले अँप्लिफायर हे सगळं स्थिरावायला अर्धा तास तरी लागतो. मग रजिस्ट्रेशन: तीन चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसवणं. लाल चित्र जरा डावीकडे सरकलं असेल तर प्रत्येक उभ्या कडेला एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळसर-हिरवी किनार येते, आणि तिला लोक रंगाचा दोष समजतात. हे काम इतकं किचकट होतं की ब्रिटनमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ईएमआय २००१ कॅमेऱ्यात सरळ चौथी नळी घातली होती, फक्त उजेडासाठी. तपशील ती एकटी देई, रंगाच्या तिघी थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी चित्र रेखीव राही. चंद्रावर गेलेल्या रंगीत कॅमेऱ्याने उलट वाट धरली: नळी एकच, आणि तिच्यापुढे लाल, निळ्या, हिरव्या काचांचं फिरतं चाक. एकच नळी असल्याने जुळवण्याची भानगडच नाही. १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये अपोलो १२ च्या अॅलन बीनकडून तो कॅमेरा चुकून सूर्याकडे वळला आणि नळी कामातून गेली. नळीचा कॅमेरा असेल तर तेवढं जपा.

आता तक्ता. त्यावर दोन्ही बाजूंनी सारखा हॅलोजनचा प्रकाश, आणि कॅमेऱ्याची वायर वेव्हफॉर्म मॉनिटरला. या मॉनिटरवर चित्र दिसत नाही, चित्राची उंची दिसते: काळं खाली, पांढरं वर, आणि करड्या पायऱ्यांच्या दोन रांगांचे एकमेकांना छेदणारे दोन जिने. कॅमेरा बिघडलेला असेल तर प्रत्येक पायरी जाड, धुकट पट्ट्यासारखी दिसते. ही जाडी म्हणजे रंग. पाल नावाच्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत रंगाची माहिती सेकंदाला ४४ लाखांहून अधिक वेळा कंप पावणाऱ्या लहरीवर स्वार होऊन जाते आणि ती लहर इतकी दाट असते की पट्ट्यासारखी भासते. लालाचा गेन हळूहळू फिरवा. पट्टा बारीक होऊ लागतो. जास्त फिरवला तर पुन्हा फुगतो. मागे या, निळ्याला हात घाला. एका क्षणी पट्टा मिटतो आणि तिथे पेन्सिलीने ओढल्यासारखी एक रेघ उरते. तिघांचा आकडा एक झाला, लहरीला वाहून न्यायला काही उरलं नाही. हे दृश्य मी अजूनही डोळे लावून पाहतो.

व्हेक्टरस्कोप जवळ असेल तर आणखी बारीक दिसतं. त्याच्या गोल पडद्यावर मध्यबिंदू म्हणजे रंग शून्य. बिंदू कुठल्या दिशेला सरकला यावरून झाक कुठली ते कळतं आणि किती लांब गेला यावरून ती किती गडद आहे ते. करडा तक्ता दाखवला की सगळ्या पायऱ्यांचे बिंदू मध्यावर गोळा व्हायला हवेत. बिघडलेल्या कॅमेऱ्यात ते शेपटीसारखे पसरतात, आणि त्या शेपटीचा आकारच रोगाचं निदान करतो. काळा बिंदूच मध्यावरून ढळलेला आणि त्यासोबत सगळा पुंजका तेवढाच सरकलेला असेल तर दोष ब्लॅक बॅलन्सचा. काळा जागेवर आहे पण पायरी उजळत जाईल तसा बिंदू दूर जातोय, तर दोष व्हाइट बॅलन्सचा. काळा जागेवर, पांढराही जागेवर, आणि मधले करडे धनुष्यासारखे बाहेर वाकलेत, तर तिघांचा गॅमा जुळत नाही, म्हणजे अंधारातून उजेडाकडे जाण्याची त्यांची चाल वेगवेगळी आहे. फक्त व्हाइट बॅलन्सचं बटण दाबणाऱ्याला हा तिसरा रोग कधी दिसत नाही, कारण ते बटण एकच पायरी पाहतं. पांढरा शर्ट शुभ्र, डोळ्यांखालच्या सावल्या मात्र हिरव्या, असं जे जुन्या कॅमेऱ्यांत होतं ते बहुधा याचमुळे किंवा काळ्यामुळे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी काळा. भिंगाचा आयरिस पूर्ण बंद करायचा (ऑटो ब्लॅकचा खटका दाबला तर कॅमेरा तो स्वतःच बंद करतो) आणि प्रकाश शून्य असताना तिघांनी शून्यच सांगावं, अशी बैठक जमवायची. मग पांढरा. मग पुन्हा काळा, कारण गेन बदलला की काळ्यातली उरलीसुरली चूकही त्याच पटीत वाढते. मग गॅमा मधल्या पायरीवर. मग परत पहिल्यापासून. प्रत्येक फेरीत सुधारायचं कमी कमी होत जातं. घाई करणाऱ्याला हा कॅमेरा प्रसन्न होत नाही.

तक्त्याच्या मधल्या त्या मखमली भोकाचं कामही इथेच. त्यात पडलेला प्रकाश बाहेर येत नाही, इतकं काळं दुसरं काही स्टुडिओत नसतं. भोवताली पांढऱ्या पायऱ्या असताना भोक उगाच उजळलेलं किंवा लालसर दिसलं तर ते फ्लेअर. भिंगात आणि प्रिझममध्ये इकडेतिकडे उसळलेला प्रकाश काळ्यात मिसळतोय आणि तीन मार्गांवर तो सारखा मिसळत नाही. त्यासाठी वेगळे स्क्रू असतात, चित्राच्या सरासरी उजेडानुसार थोडं थोडं वजा करणारे. आणि वर गुलाबी, खाली हिरवी दिसणारी ती भिंत? तिचं मूळ प्रिझमच्या लेपांत आहे. लेपावर किरण तिरका पडला की त्याचा रंग कापण्याचा बिंदू सरकतो, आणि चित्राच्या वरच्या टोकाचे आणि खालच्या टोकाचे किरण थोड्या वेगळ्या कोनांत येतात. इंजिनीअर मंडळींनी त्यावर उपायही विजेचाच काढला: वरून खाली सरळ उतरणारी एक लहर आणि मधे फुगणारी एक लहर अशा आकारांनी गेन प्रत्येक ओळीला बदलत न्यायचा. याला शेडिंग म्हणतात. भिंग बदललं की ते पुन्हा करावं लागतं.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात नळ्यांची जागा सीसीडी चिपांनी घेतली. त्या प्रिझमला चिकटवलेल्या असतात, त्यामुळे रजिस्ट्रेशनचं झंझट कायमचं मिटलं. बाकी सगळं तसंच राहिलं. या काळातल्या कॅमेऱ्यांचा खरा शत्रू नखाएवढा आहे: सर्किटावरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. वर्षानुवर्षांनी ते पाझरतात, आतलं द्रव तांब्याच्या रेघा खातं, आणि एखाद्या रंगाचा मार्ग हळूहळू कमजोर होतो. तापलेलं सोल्डरिंग आयर्न लावताच सुकटीसारखा वास आला, तर पाझर झालाच आहे असं समजावं. असा कॅमेरा नॉबने जुळवत बसणं व्यर्थ, आधी कपॅसिटर बदला. नळीच्या कॅमेऱ्याचं झाकण मात्र माहितगाराशिवाय उघडू नये, आत विजेचा जीवघेणा दाब असतो.

इतकं करूनही चित्र विचित्र दिसलं तर छताकडे पाहा. आजच्या एलईडी दिव्याचा पांढरा हा लोहाराच्या भट्टीतला पांढरा नाही. निळ्या प्रकाशाचा एक उंच सुळका, त्यानंतर खड्डा, मग पिवळ्याची पसरट टेकडी. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेघ भसकन वर येते. डोळा या दोन्हींशी तडजोड करतो. प्रिझमचे कापण्याचे बिंदू तडजोड करत नाहीत. पांढरा कागद जुळवता येतो, पण त्याच प्रकाशात हिरवी साडी किंवा त्वचा भलतीकडे जाते, कारण हरवलेले तरंग गेन वाढवून परत येत नाहीत. जुना कॅमेरा तपासायचा तर एक हॅलोजन दिवा जवळ असावा, आणि तो डिमरवर नसावा. दाब २३० व्होल्टवरून २०० वर उतरला तर हॅलोजनचा प्रकाश दीड-दोनशे केल्विनने लालावतो. आपल्याकडे संध्याकाळी घरात हे न सांगता होत असतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा ही सगळी यातायात नव्हती, चित्र कृष्णधवल होतं. १९८२ च्या १५ ऑगस्टला दूरदर्शनवर रंग आला, मग नोव्हेंबरात एशियाड, आणि कॅमेऱ्यामागच्या मंडळींना करड्या तक्त्याची ही साधना नव्याने करावी लागली. स्टुडिओत तीन-चार कॅमेरे असतील तर त्यांचं एकमेकांशीही पटावं लागतं. एकटा कॅमेरा थोडा पिवळट असला तरी प्रेक्षक दोन मिनिटांत सवय करून घेतो. पण एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाताच त्याच माणसाचा गाल गुलाबीचा फिकट झाला, तर घरात बसलेल्या आजीलाही कळतं. म्हणून तक्ता झाला की शेवटचा मेळ चेहऱ्यावर घालतात.

चेहऱ्याबाबत निसर्गाने इंजिनीअरवर मोठी मेहेरबानी केली आहे. व्हेक्टरस्कोपवर माणसाची त्वचा पाहिली तर गोऱ्यापान बाळापासून उन्हात राबून काळवंडलेल्या माणसापर्यंत बहुतेक सगळ्यांचे ठिपके एकाच दिशेच्या रेषेजवळ पडतात: लाल आणि पिवळ्याच्या मधे, लालाकडे झुकलेल्या. कातडीचा रंग ठरवतात ते रक्तातलं हिमोग्लोबिन आणि मेलॅनिन, आणि हे दोन्ही सगळ्यांकडे तेच. माणसामाणसांत प्रमाण बदलतं, त्यामुळे उजळपणा आणि गडदपणा बदलतो, दिशा फारशी बदलत नाही. आणि अमेरिकी रंगीत टीव्हीच्या रचनाकारांनी रंगाचा जो अक्ष जास्त तपशिलासाठी राखला, तो नारिंगी-निळसर अक्षही याच रेषेच्या जवळून जातो, कारण माणसाच्या डोळ्याला बारकावे याच दिशेला जास्त कळतात. त्वचेचा ठिपका या रेषेवरून हिरव्याकडे सरकला, तर जिवंत माणूस आजारी दिसतो. प्रेक्षक तो फरक स्कोपशिवाय ओळखतो.

राहिला तो पांढरा कागद, ज्याच्याकडे पाहून कॅमेरा आपलं मत बनवतो. झेरॉक्सचा कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात असं रसायन घालतात, जे अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं. हॅलोजनखाली अतिनील फार नसल्याने कागद साधा पांढरा असतो, उन्हात तोच निळसर होतो. कॅमेरा त्या निळसराला पांढरा मानतो, आणि मग सगळं चित्र पिवळटतं. नीळ दिलेल्या सदऱ्याचंही तसंच, तिथे निळा वाढत नाही, नीळ पिवळा खाऊन टाकते. बॅलन्ससाठी म्हणून रसायनविरहित करडं कार्ड वापरतात. पण जाणते कॅमेरामन हाच दोष मुद्दाम कामाला लावत. खिशात फिकट निळ्या कार्डांची एक जुडी असे. चेहऱ्यावर थोडी ऊब हवी असली की पांढऱ्याऐवजी त्यातलं एखादं कार्ड कॅमेऱ्याला दाखवायचं, बटण दाबायचं, आणि कार्ड बाजूला करायचं. कॅमेरा निळ्यालाच पांढरा समजून निळा उणा करतो, आणि भर दुपारी काढलेल्या मुलाखतीत सायंकाळचं ऊन उतरतं. कार्ड जितकं गडद निळं, तितकी संध्याकाळ अधिक उशिराची.